मोजल्याशिवाय सही नाही : बडोद्यातलं एक मुद्देमाल प्रकरण

गुजरातमधल्या कुठल्याही पोलीस ठाण्यात सर्वात जास्त जागा व्यापतो तो दारूबंदीचा मुद्देमाल. 1960 साली राज्य वेगळं झालं तेव्हा मुंबई राज्याचा 1949 चा दारूबंदी कायदा सोबत आला आणि तो आजही लागू आहे. पकडलेला टेम्पो अंगणात उभा राहतो, खोकी खोलीत जातात. पंचनाम्यात ब्रँड, बाटल्यांची संख्या आणि बॅच नंबर लिहिले जातात. नमुना न्यायसहायक प्रयोगशाळेकडे जातो, खोक्यावर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी चिकटते, लाखेचं सील बसतं. पुढे कोर्टाचा हुकूम आला की महसूल आणि नशाबंदी खात्याच्या अधिकाऱ्यांसमोर माल रोलरखाली जातो. हुकूम यायला महिने लागतात. तोवर त्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे, जबाबदारी त्याची.

अशा एका खोलीवरून उभं राहिलेलं प्रकरण इथे सविस्तर मांडतो आहे. ते कुणा एकाचं चरित्र नाही. खातेनिहाय चौकशीत जे पुन्हापुन्हा घडताना दिसतं ते एका जमादाराभोवती गुंफलं आहे. ठाणं, माणसं आणि खोक्यांचे आकडे नमुन्यादाखल आहेत. कायदे आणि न्यायनिर्णय मात्र खरे आहेत. माझं म्हणणं एकच आहे. खात्यातल्या माणसाने गैरप्रकाराची तक्रार केली, तर त्या तक्रारीची चौकशी आणि तक्रारदाराच्या शिस्तीची चौकशी वेगळ्या माणसांकडे गेली पाहिजे, आणि तक्रारीची आधी झाली पाहिजे. दोन्ही एकाच साहेबाच्या टेबलावर आल्या की तक्रार तिथेच संपते.

चार्ज

जमादार, म्हणजे हेड कॉन्स्टेबल, बाबाजीपुऱ्यात वाढलेले. पणजोबा गायकवाडी नोकरीसाठी साताऱ्याकडून आले. तेव्हापासून घरात मराठी, नोकरीत गुजराती. निवृत्तीला सहा वर्षं उरली असताना शहरातल्या एका ठाण्यात क्राइम रायटर म्हणून, म्हणजे ठाण्याचं लिखाणकाम बघणारा म्हणून, त्यांची नेमणूक झाली. मुद्देमाल त्यांच्या ताब्यात येणार होता. जाणाऱ्या रायटरने चार्जची, म्हणजे ताब्यात द्यायच्या मालाची, यादी टाइप करूनच ठेवली होती. तोही मराठीच. "दादा, सही करून टाका. मला माझ्या आधीच्याने असंच दिलं, मी तुम्हाला देतोय."

या वाक्यात धमकी नव्हती, लबाडीही असेलच असं नाही. वर्षानुवर्षं चार्ज असाच दिला-घेतला जातो, कारण मोजायला बसलं तर दोन दिवस ठाण्याचं लिखाणकाम अडतं. पण सही केली की आधीची सगळी तूट आपल्या नावावर चढते हे प्रत्येक रायटरला माहीत असतं. मग तो निवृत्त होईपर्यंत गप्प बसतो किंवा पुढच्याला तसाच चार्ज देतो.

जमादारांनी दोन दिवस मागून घेतले आणि खोकी उतरवायला घेतली. तीन गुन्ह्यांतली मिळून 11 खोकी नव्हती. ते कळायला फार वेळ लागला नाही. वेळ लागला चौथ्या गुन्ह्याला. तिथे खोकी पुरी होती, प्रत्येक खोक्यात 750 मिलीच्या 12 बाटल्याही होत्या, पण बाटल्यांवरचे बॅच नंबर पंचनाम्याशी जुळेनात. चिठ्ठ्यांचा कागद कोरा करकरीत, आणि दोन्ही पंचांच्या सह्या एकाच हातच्या वाटाव्यात अशा. भारी माल काढून त्या जागी हलका भरला असावा, असा संशय घ्यायला एवढं पुरेसं होतं. नुसती खोकी मोजून हे कधीच कळलं नसतं. त्यांनी बॅच नंबरांची हाताने यादी केली. या प्रकरणात पुढे जे काही टिकलं ते या यादीमुळे.

मुद्देमाल बदलण्याचा आरोप सर्वोच्च न्यायालयासमोर याआधीही आला आहे, आणि तोही गुजरातमधूनच. सुंदरभाई अंबालाल देसाई या 2002 च्या निकालात सुरतेच्या वराछा पोलीस ठाण्यातल्या पोलिसांवर मुद्देमालाच्या जागी नकली वस्तू ठेवल्याचा आणि माल परस्पर विकल्याचा आरोप होता. जप्त माल ठाण्यात पंधरा दिवस ते महिना यापेक्षा जास्त ठेवू नये, फोटो काढून आणि सविस्तर पंचनामा करून त्याची लवकर विल्हेवाट लावावी, असं न्यायालयाने त्यात सांगितलं. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 497 मध्ये याच्या मुदती आल्या आहेत: मालाचं विवरण 14 दिवसांत तयार करायचं, फोटो किंवा व्हिडिओ काढायचा, त्यानंतर 30 दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यायचा. हे सगळीकडे वेळेवर झालं असतं तर ही खोली एवढी भरलीच नसती.

जमादारांनी तुटीची नोंद स्टेशन डायरीत केली. जुन्या दिवसांत डायरीच्या पानाचं काय व्हायचं ते सांगायला नको. पण आता नोंद ई-गुजकॉप या गुजरात पोलिसांच्या संगणक प्रणालीत जाते, तिला क्रमांक आणि वेळ लागते. पीआय साहेबांनी संध्याकाळी बोलावून विचारलं, "मला न विचारता डायरीत कसं घातलं?" दुसऱ्या दिवशी मुद्देमालाचा चार्ज दुसऱ्या हेड कॉन्स्टेबलला देण्याचा हुकूम निघाला. त्याने तासाभरात सही केली.

अर्ज कुणामार्फत

खात्यातल्या माणसाने अर्ज वरिष्ठांमार्फतच पाठवायचा, हा नियम. रजेच्या अर्जाला तो ठीक आहे. पण ज्याच्या देखरेखीखाली तूट झाली त्याच्याच विरुद्धचा अर्ज त्याच्याच सहीने वर जावा, ही अपेक्षा मला क्रूर वाटते. जमादारांनी तरीही नियम पाळला. पीआयमार्फत एसीपींना अर्ज दिला आणि आवकचा शिक्का मारून प्रत घेतली. एकवीस दिवस काही हललं नाही. मग त्यांनी एक प्रत लाचलुचपत प्रतिबंधक ब्यूरोला आणि एक गांधीनगरला गुजरात दक्षता आयोगाला रजिस्टर पोस्टाने पाठवली.

ब्यूरोने तो अर्ज "योग्य त्या कार्यवाहीसाठी" खात्याकडे धाडला. तो फिरत फिरत त्याच एसीपींच्या कार्यालयात पोहोचला, जमादारांचं नाव, हुद्दा, बक्कल नंबरासकट. आठवड्याभरात प्रतापनगरच्या पोलीस मुख्यालयात बदली. कारण, "प्रशासकीय."

नाव उघड झाल्यावर त्यांना कोणता कायदा वाचवणार होता? राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे अभियंता सत्येंद्र दुबे यांची 27 नोव्हेंबर 2003 रोजी गयेत हत्या झाली, त्यानंतर केंद्राने 2004 मध्ये तक्रारदारांच्या संरक्षणासाठी ठराव काढला. तो केंद्राच्या कर्मचाऱ्यांपुरता आहे. राज्याच्या पोलिसाला त्याचा उपयोग नाही. पुढे संसदेने व्हिसल ब्लोअर्स संरक्षण कायदा केला, 9 मे 2014 रोजी राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. त्यात तक्रारदाराची ओळख फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे, आणि आपली कारवाई सूडापोटी नाही हे सिद्ध करण्याचं ओझं खात्यावर टाकलं आहे. जमादारांना नेमकी याचीच गरज होती. पण हा कायदा लागू झाल्याची अधिसूचनाच निघाली नाही. इतक्या वर्षांत एक अधिसूचना निघू नये, याचा मला मनापासून राग येतो.

बदलीविरुद्ध दाद मागता आली असती. सोमेश तिवारी प्रकरणात 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षेच्या बदल्यात केलेली बदली बेकायदा ठरवली आहे. पण उच्च न्यायालय अहमदाबादला, बडोद्याला खंडपीठ नाही, आणि वकिलाची फी हेड कॉन्स्टेबलच्या पगारातून जाणार. त्यांनी बदली स्वीकारायचं ठरवलं. इथपर्यंत त्यांच्या बाजूचं सगळं स्वच्छ होतं.

नऊ दिवस

मुख्यालयात हजर व्हायच्या दिवशी ते गेले नाहीत. रक्तदाब वाढला होता हे खरं. दांडिया बाजारातल्या खासगी डॉक्टरांचं प्रमाणपत्र आहे. पण सिव्हिल सर्जनकडे ते गेले नाहीत, मुख्यालयात फोन केला तो चौथ्या दिवशी, आणि हजर झाले दहाव्या दिवशी. गणवेशाच्या नोकरीत हे चालत नाही. ही चूक त्यांची होती आणि तिची किंमत त्यांना मोजावी लागली, कारण तक्रार केलेल्या माणसाकडे खातं भिंगातून पाहत असतं.

त्या नऊ दिवसांतच एका गुजराती दैनिकात मुद्देमाल रजिस्टरच्या एका पानाचा फोटो छापून आला. दुसऱ्या दिवशी निलंबन.

निलंबनाच्या काळात अर्ध्या पगाराइतका निर्वाह भत्ता मिळतो, पण दरमहा "दुसरी नोकरी करत नाही" असं प्रमाणपत्र द्यावं लागतं. हे त्यांना कुणी सांगितलंच नाही, त्यामुळे पहिले दोन महिने हातात काहीच आलं नाही. घरी बायकोने एवढंच म्हटलं, "अहो, तुम्ही मोजलंत ते बरोबरच केलंत. पण मुलीची फी पंधरा तारखेला भरायची आहे, तेवढं बघा." फी साडूंनी भरली.

दोषारोपपत्र

अजयकुमार चौधरी प्रकरणात 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन पुढे चालू ठेवता येणार नाही. खात्याला ही मुदत बरोबर ठाऊक असते. दोषारोपपत्र 84 व्या दिवशी आलं. आरोप तीन: नऊ दिवस विनापरवानगी गैरहजेरी, वर्तमानपत्राला गोपनीय कागद पुरवणं, आणि वरिष्ठांना डावलून बाहेरच्या यंत्रणांकडे थेट अर्ज करणं. 11 खोक्यांचा उल्लेख कुठेच नव्हता. तिऱ्हाईताने ते वाचलं असतं तर एक बेशिस्त हेड कॉन्स्टेबल एवढंच चित्र त्याच्यासमोर आलं असतं.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी हे परक्या मुलखातलं समजू नये. 1951 चा मुंबई पोलीस कायदाच तिकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियम झाला आणि इकडे गुजरात पोलीस कायदा. शिक्षा आणि अपिलाचे 1956 चे नियमही मुंबई राज्याच्याच काळातले. नाशिकच्या किंवा सोलापूरच्या हवालदाराला हाच रस्ता चालावा लागतो.

तिसरा आरोप मला सर्वात गंभीर वाटतो. गैरहजेरी ही माणसाची चूक, बातमी फुटणं ही पुराव्याची बाब. पण तिसऱ्या आरोपात खातं म्हणतं की गुन्ह्याची खबर बाहेर देणं हीच बेशिस्त. याला उत्तर फौजदारी प्रक्रियेतच आहे. जुन्या दंड प्रक्रिया संहितेच्या कलम 39 मध्ये आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 33 मध्ये काही गुन्ह्यांची यादी आहे. त्यातला गुन्हा घडल्याचं कळलं तर जवळच्या दंडाधिकाऱ्याला किंवा पोलीस अधिकाऱ्याला ताबडतोब कळवणं हे प्रत्येक व्यक्तीचं कर्तव्य आहे. त्या यादीत लोकसेवकाने केलेला फौजदारी विश्वासघात येतो: जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम 409, आताच्या भारतीय न्याय संहितेचं 316(5). जे सांगणं सामान्य माणसावर कायद्याने बंधनकारक आहे, ते पोलिसाने ब्यूरोच्या पोलीस अधिकाऱ्याला कळवलं तर गैरवर्तन कसं ठरेल? जमादारांच्या बचावनाम्यात हाच मुद्दा पहिला घातला.

दुसऱ्या आरोपाबाबत भूमिका सावध ठेवावी लागली. वर्तमानपत्राकडे जाणाऱ्याला न्यायालयं सहज संरक्षण देत नाहीत. काकरापार अणुवीज केंद्रात जून 1994 मध्ये पुराचं पाणी शिरलं. त्याबद्दल तिथल्या एका कर्मचाऱ्याने, मनोज मिश्र यांनी, वर्तमानपत्राला पत्र लिहिलं आणि त्यांची नोकरी गेली. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई कायम ठेवली. संस्था स्वच्छ व्हावी हा मुख्य हेतू असेल तरच तो जागल्या, म्हणजे व्हिसल ब्लोअर, असा त्या निकालाचा रोख आहे. म्हणून "फोटो दिला असेल तर लोकहितासाठी दिला" असं जमादारांनी कुठेही लिहिलं नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं: मी दिला नाही, आणि चार्ज माझ्याकडून गेल्यावर ते रजिस्टर किमान चार जणांच्या हाताखाली होतं.

चौकशी

चौकशी अधिकारी कोण? तेच एसीपी, ज्यांच्या टेबलावर पहिला अर्ज एकवीस दिवस पडून होता. ते या प्रकरणात साक्षीदार होऊ शकत होते, चौकशी अधिकारी नव्हे. आवकचा शिक्का असलेली प्रत जोडून बदलाची मागणी केली आणि ती मान्य झाली. वरच्या कार्यालयाला याचं श्रेय द्यायला हवं. अनेक प्रकरणांत अशी मागणी एका ओळीत फेटाळली जाते.

कागद मात्र मिळेनात. स्टेशन डायरीचा उतारा, रजिस्टर, चार्जच्या दोन्ही याद्या, हे सगळं "आरोपांशी संबंधित नाही" म्हणून नाकारलं गेलं. चौकशी अधिकारी हा खात्याचा वकील नाही, त्याने तटस्थ राहावं आणि कागदांशिवाय बचाव करायला लावू नये, हे सरोजकुमार सिन्हा प्रकरणात 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे. त्याचा आधार घेऊन दुसरा अर्ज दिला, तेव्हा डायरीचा उतारा मिळाला. रजिस्टर शेवटपर्यंत पाहायला मिळालं नाही.

साक्षीत पीआय साहेबांनी एक मुद्दा मांडला, तो झटकून टाकण्यासारखा नाही. त्यांचं म्हणणं, जमादारांना तुटीची भीती होती, स्वतःला वाचवायला त्यांनी बोभाटा केला. असेलही. स्वतःच्या अंगावर येऊ नये म्हणून माणूस खरं बोलला तर ते खोटं होत नाही. हेतू तपासायचा तो माल मोजून झाल्यावर. बॅच नंबर जुळतात की नाही, हे बोलणाऱ्याच्या मनात काय होतं त्यावर ठरत नाही. उलटतपासणीत त्यांना विचारलं, "नोंद वाचल्यावर आपण खोलीत जाऊन मोजणी केली का?" उत्तर, "त्या दिवशी बंदोबस्त होता." आणि त्यानंतर? उत्तर नोंदलं गेलं नाही.

वार्ताहराला साक्षीला बोलावलं नाही, फोटो कुणाच्या फोनवरून गेला याचा तपास नाही. चौकशी अधिकाऱ्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं: दुसरा आरोप सिद्ध होत नाही. गैरहजेरी सिद्ध. थेट अर्जाचा आरोप "तांत्रिकदृष्ट्या" सिद्ध.

शिक्षा देणारे डीसीपी दुसऱ्या निष्कर्षाशी असहमत झाले. त्यांनी तोही आरोप सिद्ध धरला आणि तीन वेतनवाढी कायमच्या परिणामासह, म्हणजे पुढचा पगारही तेवढा कमीच राहील अशा रीतीने, रोखल्या. असहमत होण्याचा अधिकार त्यांना आहे, पण कुंजबिहारी मिश्र या 1998 च्या निकालाप्रमाणे असहमतीची तात्पुरती कारणं कर्मचाऱ्याला कळवून त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. इथे थेट हुकूमच हातात आला. अपील याच मुद्द्यावर उभं राहिलं. गैरहजेरीसाठी कृष्णकांत परमार या 2012 च्या निकालाचा आधार घेतला: गैरहजेरी हेतुपुरस्सर होती हे खात्याने दाखवलं पाहिजे. अपिलात दुसरा आणि तिसरा आरोप गेला. गैरहजेरी राहिली, कारण फोन न केल्याचं समर्थन करता येत नव्हतं. शिक्षा एक वेतनवाढ एका वर्षासाठी, कायमच्या परिणामाशिवाय. निलंबनाच्या काळाचा निर्णय स्वतंत्रपणे व्हायचा आहे आणि त्यातला पगार अजून अडकलेला आहे.

खोकी

आणि मूळ तक्रार? तिच्यावर प्राथमिक चौकशी झाली ती जमादारांच्या अपिलानंतर. 11 खोक्यांची तूट मान्य झाली, जुन्या रायटरवर "देखरेखीत निष्काळजीपणा" ठेवून त्याला ताकीद दिली गेली. ज्याने तूट दाखवली त्याची वेतनवाढ गेली, ज्याच्या ताब्यात तूट झाली त्याला ताकीद. लोकसेवकाच्या विश्वासघाताचा गुन्हा नोंदवला गेला नाही. ललिता कुमारी या 2013 च्या निकालाने दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की प्रथम खबर नोंदवणं बंधनकारक केलं आहे, हे पोलीस खात्याला दुसऱ्या कुणी शिकवायला नको.

चौथ्या गुन्ह्यातली, बॅच नंबर न जुळणारी खोकी प्राथमिक चौकशीच्या आधीच कोर्टाच्या हुकुमाने नष्ट झाली होती. हुकूम नियमाप्रमाणे होता. नाशाच्या पंचनाम्यात खोकी आणि बाटल्यांची संख्या बरोबर भरते. बॅच नंबरांचा रकाना त्यात नाही. चौकशी अधिकाऱ्यांनी लिहिलं, "माल उपलब्ध नसल्याने पडताळणी शक्य नाही."

जमादारांनी आता दंडाधिकाऱ्यांकडे खासगी तक्रार केली आहे. तिला त्यांची हाताने लिहिलेली यादी जोडली आहे, डायरीचा उतारा जोडला आहे. सोबत दुसरा अर्ज आहे: नाशाच्या आधी कलम 497 खाली त्या मालाचे जे फोटो आणि व्हिडिओ कोर्टाच्या अभिलेखात आले असतील त्यांच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात. बाटल्यांची लेबलं त्यात वाचता आली तर यादी पंचनाम्याशी ताडून पाहता येईल. खात्याने या अर्जाला हरकत घेतली आहे आणि हरकतीवर सुनावणी व्हायची आहे.